शिदोरी बांधून द्या

चाकणच्या बाजारात कांदा विकल्यावर हमाली-तोलाई वजा जाता हाती किती उरले, हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम समजा तुमच्या विद्यार्थ्याने पायथॉन भाषेत लिहिला. शाळेतल्या संगणकावर तो चालतो. घरी वडिलांपुढे मात्र अडतो. कारण तेथे पायथॉनच नाही! पोर हिरमुसते.

गुरुजी, त्याला सांगा, परगावी निघालेल्याला शिदोरी द्यावी लागते. पायइन्स्टॉलर हे विनामूल्य साधन प्रोग्रॅम, पायथॉन आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या एकाच फायलीत बांधून देते. विंडोजसाठीचे गाठोडे विंडोजवरच बांधावे. मग पायथॉन नसलेल्या संगणकावर ते चालवून पाहावे. पिंपरीच्या कारखान्यांतला मालही तपासूनच बाहेर पडतो ना?

वडिलांनी स्वतः आकडे घालून आपली हिशेबपट्टी ताडून पाहिली, की पोराची विद्या घरी पोहोचली म्हणायची!