परतूरचा कॉम्प्युटर नेमका कोणता?

एखाद्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय जालन्यात आणि शाखा परतूर, मंठा, भोकरदनला. सगळे विंडोज कॉम्प्युटर एकाच डोमेनवर. परतूरहून फोन येतो, ‘एक मशीन अडकलंय.’ कोणतं? तर ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षर-आकड्यांची सरमिसळ. विंडोज बसवताना हे नाव आपोआप पडतं आणि नंतर कुणी बदलत नाही. माझं आग्रहाचं सांगणं आहे, ही नावं बदला. त्यासाठी परतूरला गाडी काढायची गरज नाही.

आपल्या बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर असतो, तक्रार आली की त्यावरून माल सापडतो. कॉम्प्युटरच्या नावाकडून तेवढीच अपेक्षा ठेवा: तालुका, विभाग, क्रमांक. माणसाचं नाव देऊ नका. बदली माणसाची होते, मशीन तिथंच राहतं. जालना आणि जाफराबाद, बदनापूर आणि भोकरदन यांचे संक्षेप एकमेकांत मिसळणार नाहीत असे निवडा. आणि सगळं पंधरा अक्षरांत बसवा. ही मर्यादा १९८३ सालच्या नेटबायोसपासून चालत आली आहे. त्यात नावाला सोळा जागा, पण सोळावी सेवेचा प्रकार सांगायला राखीव.

आता काम. पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘रिनेम-कॉम्प्युटर’ या कमांडला जुनं नाव, नवं नाव आणि डोमेनचा अधिकार असलेलं खातं द्या. जुन्या मंडळींच्या हाताला ‘नेटडॉम’ बसलेलं असतं, तेही चालतं. दोन्हींनी डोमेनमधली नोंदही सोबत बदलते. मशीनं बरीच असतील तर एक्सेलमध्ये दोन रकाने भरा, सीएसव्ही करून ठेवा आणि छोट्या लूपमधून एकेक ओळ कमांडला द्या. आधी पहिल्या एका मशीनवर करून बघा, मगच पूर्ण यादी सोडा.

नवं नाव रिस्टार्टनंतरच लागू होतं. म्हणून काउंटर बंद होऊन दिवसअखेरचा हिशोब जुळल्याशिवाय रिस्टार्ट देऊ नका. समोरच्याने सेव्ह न केलेली नोंद जाईल. लाइट गेल्यामुळे बंद पडलेल्या मशीनपर्यंत कमांड पोचतच नाही, तेव्हा आधी ‘पिंग’ करा आणि राहिलेली नावं दुसऱ्या दिवशीसाठी वेगळी काढा.

सकाळी पहिली तक्रार प्रिंटरची येईल. ज्या मशीनवरून प्रिंटर शेअर केला आहे त्याचं नाव बदललं की बाकीचे जुन्याच नावाने त्याला शोधत राहतात. असे प्रिंटर आदल्या दिवशीच टिपून ठेवा आणि शाखा उघडायच्या आत नव्या नावाने जोडून द्या.