शाळेची हद्द आणि वर्णभेदाची भिंत
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन’ खटल्यात एकमताने दिला. निकाल थोर होता. परंतु १९५५ मध्ये अंमलबजावणीचा आदेश देताना न्यायालयाने मुदत घातली नाही, आणि मुदत नसलेल्या न्यायाचे सर्वत्र जे होते तेच तेथेही झाले. या खटल्यातील एक दावा व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्यातून आला होता. त्या परगण्याने १९५९ मध्ये सगळ्या सार्वजनिक शाळांनाच कुलूप ठोकले! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांची मात्र चार वर्षे वाया गेली.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने केंद्राचे अनुदान रोखण्याचा अधिकार दिला, तेव्हा कोठे दक्षिणेतील शाळांची दारे खऱ्या अर्थाने उघडली. त्याचे फळ दिसले. सतरा वर्षांच्या गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाचनक्षमतेतील अंतर १९७१ ते १९८८ या काळात निम्म्याहून कमी झाले. (याच स्थित्यंतरात हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांना नोकऱ्यांतून काढण्यात आले. एकीकरणाची ही किंमत कोणी मोजली, हे विसरता कामा नये.)

मग गाडे अडले कोठे? कायद्यातील वर्णभेद गेला, पण जमिनीवरील हद्द तशीच राहिली. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. टेक्सासमधील सान अँटोनिओ परिसरात एजवूड ही मेक्सिकन वंशाच्या गरिबांची वस्ती, तर आलामो हाइट्स ही सुखवस्तू गोऱ्यांची. १९६७-६८ मध्ये एजवूडने कराचा दर अधिक ठेवला, तरी दर विद्यार्थ्यामागे स्थानिक करातून २६ डॉलर जमले. आलामो हाइट्सने कमी दराने ३३३ डॉलर जमवले. पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले; शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरवले.

पुढच्याच वर्षी डेट्रॉइटचा निकाल आला. शहर आणि भोवतालची ५३ उपनगरी शिक्षण मंडळे मिळून मुलांची एकत्र व्यवस्था करावी, असा खालच्या न्यायालयाचा आदेश होता. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी, तो रद्द केला. उपनगरांचा दोष सिद्ध झालेला नाही, हे कारण. जणू उपनगरे आपोआप गोरी झाली होती! १९३० च्या दशकापासून केंद्रीय गृहकर्ज यंत्रणेनेच कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना विमासंरक्षण नाकारले होते. ‘ब्राउन’ खटला लढवणारे वकील थर्गुड मार्शल आता न्यायमूर्ती होते. त्यांनी कठोर शब्दांत भिन्नमत नोंदवले.

या निकालाने गोऱ्या पालकांना वाट दाखवली. हद्द ओलांडून घर घेतले की एकीकरणाच्या आदेशातून सुटका. २००७ मध्ये तर, स्वेच्छेने शाळा मिश्र राखू पाहणाऱ्या सिअ‍ॅटल व लुइव्हिल येथील योजनाही न्यायालयाने रद्द ठरवल्या, कारण त्यांत मुलाचा वर्ण विचारात घेतला जात होता. विभाजन करणाऱ्याला हद्दीचे संरक्षण आणि ते मोडू पाहणाऱ्याला समतेच्या कलमाचा अडसर, असा हा उलटा न्याय आहे.

डेट्रॉइट शहर आणि ग्रोस पॉइंट पार्क हे सधन उपनगर यांची हद्द ऑल्टर रस्त्यालगत आहे. दोन्हीकडची शिक्षण मंडळे आजही वेगळी आहेत.