माघांतील शेवटची शिकार

१९७० सालच्या माघांत, दांत वाजावे अशा पहांटेच्या गारठ्यांत, मी मामांबरोबर देवरूखजवळ सप्तलिंगी नदीवर बदकांच्या शिकारीस गेलों होतों. उत्तरेकडून हिवाळ्यापुरतीं आलेलीं चक्रांग बदकें आतां परतून घरटीं करावयाचीं होतीं. बार झाला. आमचा मोत्या गार पाण्यांत झेपावला आणि जायबंदी पाखरूं अलगद तोंडांत धरून आला. त्याचा एकहि दांत त्यास लागला नव्हता.

“मुक्या जनावरानें जपलें, तें मीं मारलें,” एवढेंच मामा बोलले. थरथरणाऱ्या मोत्यावर त्यांनीं आपली घोंगडी घातली आणि पाखराचे हाल स्वहस्तें संपविले.

पुढें १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. मामांनीं बंदूक त्यापूर्वींच खुंटीला टांगली होती.