स्कॉटलंडमधील दोन नगरांचा अल्पप्रवास : काही पूर्वविचार

(आपल्या मंडळाच्या उचगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या समाजातील अनेक घरांची मुलेमुली आज शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी विलायतेत आहेत. कधीतरी आईवडिलांना बोलावणे येते. लंडनच्या बाजूला चार आठवडे मुक्काम होतो. मुलगा व सूनबाई कामावर जातात, आईच्या वाट्यास तेथेही स्वयंपाकघर येते आणि वडील खिडकीशी बसून राहतात. अखेरच्या आठवड्यात कोणीतरी म्हणते, “चार दिवस स्कॉटलंड तरी पाहून या.” मग घाईने एखादी सहल ठरते, चार दिवसांत नऊ गावे होतात, आणि घरी परतल्यावर मोटारीच्या खिडकीखेरीज काही आठवत नाही. आयुष्यभराच्या बचतीतून घडणारा प्रवास असा वाया जाऊ नये, एवढ्याच हेतूने मी हा विषय घेतला आहे.

कोल्हापूरकरांस विलायत नवी नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासास गेले. त्यांनी प्रवासाची दैनंदिनी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे, ऐन विशीत, त्यांचा अंत झाला. तेथे त्यांचे स्मारक आजही आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले, आणि मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा २६ जुलै १९०२ चा प्रसिद्ध हुकूम ते तिकडे असतानाच निघाला. प्रवास म्हणजे केवळ मौज नव्हे, हे आपल्याला घरच्याच उदाहरणांनी शिकविले आहे.

स्कॉटलंडशी तर महाराष्ट्राचे नाते फार जवळचे आहे. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली इंग्रजीत प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा स्कॉटलंडमधील बॅन्फ गावचा. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे स्कॉटिश घराण्यातले. विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन हे लॉडर गावचे. आणि ज्यांचे नाव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजास दिले गेले, ते सर जेम्स फर्ग्युसन एडिंबरो शहरात जन्मले. त्या लोकांनी आपला देश पाहिला, मोजला, त्यावर राज्य केले आणि त्याविषयी ग्रंथ लिहिले. आता आपली पाळी आहे. त्यांची नगरे आपणही डोळसपणे, बरोबरीच्या नात्याने पाहावीत.

प्रथम कागदपत्रांविषयी. स्कॉटलंडसाठी निराळा परवाना लागत नाही. ब्रिटनचा व्हिसा तेथे चालतो. प्रवासापूर्वी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, आणि निर्णयास सामान्यतः तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे देण्यास पुणे किंवा मुंबई येथे जावे लागते. येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. पाहुण्यांकडून उसनी रक्कम आणून बँकेचे खाते फुगविण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. अचानक जमा झालेल्या रकमेचा खुलासा करता आला नाही, म्हणजे अर्ज नाकारला जाण्याचा संभव वाढतो. मुलगा खर्च करणार असेल तर तसे सरळ लिहावे आणि त्याच्या उत्पन्नाचे कागद जोडावेत. निवृत्तिवेतन थोडे असणे हा काही अपराध नव्हे. प्रवासविमा अवश्य घ्यावा, आणि त्यात मधुमेह वा रक्तदाब लपवू नये. लपविलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी देत नाही.

ऋतूचा विचार दुसरा. मे व जून हे महिने उत्तम. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, तर डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आसपासच सूर्य मावळतो. ऑगस्टमध्ये एडिंबरो येथे १९४७ पासून चालत आलेला कलामहोत्सव असतो. त्या दिवसांत गर्दी फार आणि खोल्यांचे दर अवाच्या सवा. उन्हाळ्यातही स्वेटर व पावसाळी कोट जवळ हवाच; तेथील उन्हाळा आपल्या पन्हाळ्यावरील पावसाळी सकाळीसारखा असतो.

तिसरा विचार मार्गाचा. चार रात्रींत दोनच नगरे घ्यावीत, एडिंबरो आणि ग्लासगो. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून एडिंबरोस आगगाडीने सुमारे साडेचार तास लागतात. परतताना ग्लासगोहून पश्चिमेच्या मार्गाने लंडनच्या यूस्टन स्थानकास यावे. म्हणजे आलेल्या वाटेने परतण्यात अर्धा दिवस जात नाही. दोन्ही नगरांमधील अंतर आगगाडीने सुमारे पन्नास मिनिटांचे. साठी उलटलेल्यांस रेल्वेचे सवलतपत्र मिळते. परदेशी पाहुण्यांसही ते विकत घेता येते व बहुतेक भाड्यांत एक तृतीयांश सूट मिळते. लॉख नेस सरोवराचा मोह या खेपेस टाळावा. एका दिवसात तेथे जाऊन येणे म्हणजे कोल्हापूरहून पुण्यास जाऊन त्याच दिवशी परतण्याहूनही अधिक शिणविणारे आहे.

आता नगर कसे पाहावे? याचे उत्तर एका स्कॉटिश गृहस्थांनीच देऊन ठेवले आहे. प्रा. पॅट्रिक गेडीस हे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. एडिंबरोच्या किल्ल्याजवळ त्यांनी एक मनोरा घेतला होता. आधी उंचावरून सारे शहर पाहावे, मग खाली उतरून गल्लीगल्लीतून समजून घ्यावे, अशी त्यांची शिकवण. तो मनोरा आजही पाहता येतो. जुन्या वस्त्या पाडून टाकण्यापेक्षा दुरुस्त करून राहत्या ठेवाव्यात, असेही त्यांनी तेथे व आपल्या देशात आग्रहाने सांगितले.

म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. दुसऱ्या दिवशी सकाळीच किल्ला गाठावा. त्याचे तिकीट वेळ ठरवून आगाऊ घ्यावे. तो ज्या खडकावर उभा आहे तो आपल्या सह्याद्रीप्रमाणेच ज्वालामुखीतून झालेला, परंतु तीस कोटींहून अधिक वर्षांचा. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत सुमारे एक मैलाचा रस्ता उताराचा आहे. म्हणून वरून खाली यावे. गुडघे दुवा देतील. रविवार सोडून बहुतेक दिवशी दुपारी एक वाजता किल्ल्यावर तोफ होते, तिने दचकू नये! तिसऱ्या दिवशी तेथील राष्ट्रीय संग्रहालय पाहावे. प्रवेश विनामूल्य आहे.

चौथा दिवस ग्लासगोचा. ते कष्टकऱ्यांचे, जहाजांचे व आगगाडीच्या इंजिनांचे नगर. तेथील कारखान्यांत घडलेली इंजिने आपल्या देशात रुळांवर धावली. जेम्स वॉटला वाफेचे इंजिन सुधारण्याची युक्ती १७६५ साली याच गावी सुचली. केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालय १९०१ साली उघडले, तेही विनामूल्य. भारतातून गेलेल्या सात पुरातन वस्तू परत देण्याचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये येथेच झाला. आपल्या माणसाने ही गोष्ट ठाऊक ठेवून त्या दालनांतून फिरावे.

किरकोळ सूचना दोन. तेथील बँका स्वतःच्या नोटा छापतात. त्या उरल्यास स्कॉटलंडमध्येच खर्चून टाकाव्यात, कारण इंग्लंडातील काही दुकानदारही त्या घेण्यास कुरकुरतात. हॅगिस नावाचा प्रसिद्ध पदार्थ मेंढीच्या काळीज-फुफ्फुसाचा असतो. तो शाकाहारीही मिळतो, म्हणून विचारून घ्यावा. नळाचे पाणी पिण्यास उत्तम आहे. बाटल्यांवर पैसे घालवू नयेत.

शेवटी तरुणांस एक विनंती. आईवडिलांस बोलावाल तेव्हा तिकिटाबरोबर हे चार दिवसही आधीच ठरवा, आणि ते कोठे घालवावेत हे आईला प्रथम विचारा. सारी हयात ज्या माउलीने दुसऱ्यांचे डबे भरले, तिने एक सकाळ स्वतःच्या पसंतीने एखाद्या परक्या नगरीत फिरावे, याहून मोठी प्रवासाची फलश्रुती मला दिसत नाही.