प्रत्येक प्रतीत संपूर्ण इतिहास



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत संगणकाचा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. सॉफ्टवेअर हेही शेवटी लेखनच आहे. एकच मजकूर अनेक माणसे लिहितात, एकमेकांचे लिहिलेले दुरुस्त करतात. मग कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, हे कळायचे कसे?

आपल्याला हा प्रश्न पोथ्यांमुळे ओळखीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला गावोगावी झाल्या, म्हणून ग्रंथ टिकला. पण नकलता नकलता पाठ बदलले. एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध करावा लागला. प्रती पुष्कळ होत्या. कोणता बदल कोणाच्या हातून झाला, याची नोंद मात्र नव्हती.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची अडचण बराच काळ उलटी होती. सीव्हीएस, सबव्हर्जन या व्यवस्थांत प्रत्येक बदलाची नोंद होई, पण नोंदवही एकाच मध्यवर्ती संगणकावर असे. बाकीच्यांकडे फक्त कामापुरती चालू प्रत. तो संगणक बंद पडला की नवी नोंद करता येत नसे, आणि नष्ट झाला तर वेगळी जपून ठेवलेली नक्कल असेल तेवढाच इतिहास हाती राही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्स प्रकल्पात जगभरची माणसे लिहीत होती. २००२ पासून तिथे बिटकीपर नावाचे साधन वापरले जाई. ते इतिहासासकट प्रती देणारे होते, पण एका कंपनीच्या मालकीचे. त्याचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाला. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःचे साधन लिहायला घेतले, आणि ७ एप्रिलपासून त्या साधनाचा मजकूर त्याच साधनात ठेवला जाऊ लागला. हेच गिट. त्याच वर्षी जुलैत त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली.

गिटमध्ये प्रकल्पाची प्रत घेतली की पहिल्या नोंदीपासूनचा सारा इतिहास आपल्या संगणकावर येतो. प्रवासात, इंटरनेट नसतानाही काम करावे, नोंदी कराव्यात, नंतर इतरांशी जुळवून घ्यावे. प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात. तिच्यात नाव, वेळ आणि बदलाचे कारण असते. शिवाय मजकूर आणि मागच्या नोंदीची खूण यांवरून गणिताने काढलेली चाळीस अक्षरांची नवी खूण तिला मिळते. जुन्या नोंदीत एक काना बदलला, तरी तिथून पुढच्या साऱ्या खुणा बदलतात.

याचा उपयोग ऑगस्ट २०११ मध्ये दिसला. लिनक्सचा मजकूर जिथून वाटला जातो, त्या मुख्य संगणकांत घुसखोरी झाल्याचे उघड झाले. मजकुरात कोणी काही घुसडले असेल का, ही भीती साहजिक होती. पण पूर्ण इतिहास हजारो लोकांच्या घरी होता. जुनी नोंद गुपचूप बदलली असती, तर त्यांच्या खुणांशी ती जुळलीच नसती.

दोघांनी वेगवेगळ्या शाखांत काम केले, तर गिट ते एकत्र आणते. दोघांनी एकच ओळ निरनिराळी बदलली असेल, तर मात्र ते थांबते आणि दोन्ही पाठ समोर ठेवते. निवड माणसाने करायची. वाद दिसला नाही म्हणून सारे ठीक, असेही समजू नये. एकाने एखाद्या सूत्राचे नाव बदलले आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलीत जुनेच नाव वापरले, तर दोन्ही बदल बिनबोभाट एकत्र होतात आणि प्रोग्राम बंद पडतो. गिट ओळी जुळवते. अर्थ तपासणे हे संपादकाचे काम उरतेच.

प्रती सर्वांकडे असल्या, तरी अधिकृत प्रत कोणती हे लोक ठरवतात. लिनक्समध्ये टोरवाल्ड्स यांची प्रत प्रमाण मानतात, ती त्यांच्यावरील विश्वासामुळे. उद्या तो विश्वास उडाला, तर कोणीही संपूर्ण इतिहास घेऊन काम पुढे नेऊ शकतो.

आपल्यापैकी अनेक घरांत कुलवृत्तान्ताचे काम चालू आहे. एक शाखा इथे, एक पुण्यात, एक परदेशात; आणि फाइल एकाच काकांच्या संगणकावर, ‘अंतिम’, ‘अंतिम नवे’, ‘अंतिम खरेच’ अशा नावांनी. त्या काकांनंतर कोणत्या आजीचे माहेरचे नाव कोणी आणि कशावरून दुरुस्त केले, हे कोणाला सांगता येईल? मजकूर साध्या अक्षरफाइलींत ठेवला, तर गिट याही कामाला चालते. ओळीओळीचा फरक दिसतो. तेवढे जमले नाही, तर निदान दोन नियम घरी पाळावेत: प्रत्येक शाखेकडे संपूर्ण प्रत असावी, आणि कारण लिहिल्याशिवाय एकही दुरुस्ती करू नये.