चंद्रावरची गाडी आणि शकुंतलेचा हिशेब
(वाशीम जिल्ह्यातील एका वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ ने काय साधले, हे येथील शाळकरी मुलेही मजहून अधिक तपशिलाने सांगतील; तेव्हा त्या वर्णनात वेळ न दवडता मी २७ ऑगस्टच्या प्रसंगाकडे वळतो. त्या दिवशी चांद्रयानातून उतरलेल्या २६ किलो वजनाच्या प्रज्ञान रोव्हरपुढे, अवघ्या ३ मीटरांवर, ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, आणि त्यास आल्या वाटेने परतण्याची आज्ञा पृथ्वीवरून द्यावी लागली. गाडी घडविणे ही एक विद्या. जेथे आज्ञा पोहोचण्यासही सव्वा सेकंद लागतो, तेथे ती सुखरूप हाकणे ही दुसरी. चांद्रगाडीच्या कामी खाजगी उद्योगास सरकारी खजिन्यातून द्रव्य द्यावयाचे, तर ते या दुसऱ्या विद्येस, आणि तेही काम मोजून घेऊन द्यावे, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

आताच एक चिठ्ठी आली आहे: ‘सोयाबीनला भाव नाही, आणि चंद्रावरच्या गाडीचे भाडे आम्ही का भरावे?’ (हशा) हसू नका. प्रश्न रास्त आहे. मी चंद्राचा वकील नाही, हिशेबाचा आहे.

आणि हिशेब म्हटला की कारंज्याच्या मंडळींना शकुंतला रेल्वे आठवावी. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरांचा हा अरुंद मार्ग किलिक-निक्सनच्या कंपनीने कापसासाठी घातला. गाड्या चालविल्या प्रथम जी.आय.पी. रेल्वेने व पुढे मध्य रेल्वेने. देशातील रेल्वे सरकारजमा झाल्या, तरी हा मार्ग कंपनीचाच राहिला आणि उत्पन्नातील वाटा तिला मिळत राहिला. १९२१ सालचे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले! त्या गाडीतून उतरून, लघुशंका आटोपून, पुन्हा त्याच डब्यात चढलेले गृहस्थ या सभेत निश्चित असतील. (हशा, मागून ‘आहेत, आहेत!’) परंतु मालकी एकाची, चालविणे दुसऱ्याचे, अशा करारनाम्यात रुळांची निगा कधी कोणी नेटाने करवून घेतली नाही, आणि अखेर गाडीच बंद पडली. विषयांतर झाले म्हणता? माझ्या मते हाच विषय आहे.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे, आवरतो. अमेरिकेच्या नासाने एप्रिल २०२४ मध्ये अंतराळवीरांच्या चांद्रवाहनासाठी तीन कंपन्या निवडल्या, त्या गाडी विकत घेण्यासाठी नव्हे, तर तिची सेवा घेण्यासाठी. सरकारी काम नसेल तेव्हा कंपनीने ती आपल्या व्यापारास लावावी. आपल्याकडे बंगळूरूच्या टीम इंडसचा चांद्रगाडीचा बेत २०१८ साली द्रव्याअभावी खुंटला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने अवकाशोद्योगासाठी १००० कोटींच्या भांडवली निधीस मंजुरी दिली, हे उत्तमच झाले. परंतु भांडवल दिल्याने कंपनी उभी राहते. गाडी चालेलच, असे नाही. म्हणून दोन अटी मी सुचवितो. पहिली, देयक चाललेल्या अंतरावर आणि पाठविलेल्या नोंदींवर द्यावे, निव्वळ यंत्र बांधून ठेवल्याबद्दल नव्हे. दुसरी, निगेचा व बिघाडाचा भार कोणावर, हे करारात प्रारंभीच लिहावे, आणि सरकारी पैशाने मिळालेल्या मार्गनोंदी ठरल्या मुदतीनंतर आपल्या महाविद्यालयांसाठी खुल्या व्हाव्यात. चिठ्ठी लिहिणाऱ्या सद्गृहस्थांस एवढेच सांगतो, की या अटी मान्य नसतील, तर चंद्रासाठी एक पैसाही देऊ नये, या मताचा मीही आहे.