मामू, किती वॅटचा घेऊ?

कवीकडे लोक सल्ला मागायला येतात ते बहुधा लग्नपत्रिकेतल्या चार ओळींसाठी, नाहीतर निरोप समारंभाच्या मानपत्रासाठी. माझा भाचा आला तो एक कागद घेऊन. त्यावर तीन आकडे लिहिलेले होते. शंभर, तीनशे, पाचशे. म्हणाला, ‘‘मामू, यातला कितीचा घेऊ?’’ मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. वॅट म्हटलं की मला दिव्याचा बल्ब आठवतो. पण प्रश्न त्याच्या ६५ हजार रुपयांचा होता. लग्नसराईच्या तीन हंगामांत त्याने ते साठवले होते. म्हणून मी चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला.

आधी हे सांगतो की भाचा बास गिटार वाजवतो. महाड, पोलादपूर, माणगाव या पट्ट्यात लग्नं, गणपती, वाढदिवस अशा प्रसंगी गाणाऱ्या एका वाद्यवृंदात तो आहे. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाणं ऐकताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती थांबली की मात्र गाण्याच्या पायाखालची फरशी सरकल्यासारखं वाटतं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. त्या गाण्यांतल्या खालच्या सुरांवर आपण माना डोलावल्या, पण वाजवणाऱ्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं? आपल्याकडे खर्ज लावणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं.

भाच्याकडे आधी एक ॲम्प्लिफायर होता. साठ वॅटचा, जुना, लाकडी खोक्याचा, आणि इतका जड की उचलायला दोन माणसं लागत. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेना आणि २२ तारखेला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवसाची आठवण काढून एका खोक्याचं दुःख सांगायला मला संकोच वाटतो. पण झालं ते असं. बहिणीच्या घरात पाणी चढू लागलं तेव्हा कागदपत्रं माळ्यावर गेली, धान्याचे डबे गेले, गिटार गेली. बहीण तर आधीच वर होती. खोकं मात्र दोघांनी लावूनही शिडीवरून चढेना. दोन दिवसांनी चिखलातून ते बाहेर काढलं तेव्हा स्पीकरचा कागदी पडदा हातात लगद्यासारखा आला.

त्यानंतर तो जिथे जाईल तिथे दुसऱ्याच्या यंत्रावर वाजवत होता. आता स्वतःचं घ्यायचं होतं. दुकानदाराचं मत सरळ होतं, पाचशेचा घ्या, काळजीच नको. त्याच्या गल्ल्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं.

आम्ही मामा-भाचे चार-पाच संध्याकाळी बसलो. त्याने इंटरनेटवरून वाचायचं, मी प्रश्न विचारायचे. त्यात पहिला धक्का मला असा बसला की वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले की आवाजाची पातळी फक्त तीन डेसिबलने वाढते. एवढा फरक कानाला कळतो, पण जेमतेम. ऐकणाऱ्याला ‘हा दुप्पट मोठा’ असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट हवेत. शंभराच्या दुप्पट मोठा ऐकू यायचा तर हजार वॅट! आमच्या कानाचा हा कंजूषपणा मला फार आवडला. सावकारासारखा हिशेब आहे त्याचा. तुम्ही कितीही ओता, तो हळूहळूच मोजून घेणार.

मग असं असेल तर साठ वॅट का पुरत नव्हते? साध्या गिटारवाल्याचं तीस-चाळीस वॅटमध्ये भागतं, मग बासवाल्याने तीनशेच्या गोष्टी का कराव्यात? याचं उत्तरही कानातच आहे. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. साध्या गिटारची जाड तार करते ८२. आपला कान माणसाच्या बोलण्याच्या पट्टीत तल्लख आहे आणि खाली उतरावं तसा बहिरा होत जातो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. मधल्या पट्टीतला एखादा हलका सूर आणि चाळीस कंपनांचा सूर कानाला सारखेच वाटायला हवे असतील, तर खालच्या सुराला चाळीस डेसिबलहूनही जास्त जोर द्यावा लागतो. आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होत जाते. म्हणून बासवाल्याला घरी हळू वाजवताना आपला आवाज ऐकूच येत नाही, आणि तो बटण पिळत राहतो.

बास गिटारचा इतिहासही या भुकेचाच आहे. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आपली प्रिसिजन बास बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी ‘बासमन’ नावाचा ॲम्प्लिफायर. त्याची ताकद जेमतेम पंचवीस-तीस वॅट होती. १९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने काढलेला बासचा ॲम्प्लिफायर तीनशे वॅटचा होता, आणि त्याचं नुसतं डोकं, स्पीकर वेगळे, चाळीस किलोच्या आसपास भरायचं. सतरा-अठरा वर्षांत दहापट ताकद. भाचा हे वाचत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर बहिणीच्या घरातली ती शिडी होती.

आता पाटीवरच्या आकड्यांविषयी. नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले ते टेप-डेक तुम्हाला आठवत असतील. पुढे मोठ्या अक्षरांत हजार वॅट, दोन हजार वॅट, आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’. आमच्याकडेही एक होता. पाठीमागे वीज किती खातो ते लिहिलेलं असे, चाळीस वॅट! चाळीस वॅट खाऊन हजार वॅट बाहेर टाकणारं यंत्र अजून कुणी बांधलेलं नाही. ते ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा आकडा. आपण पाहायचा तो ‘आरएमएस’, म्हणजे यंत्र सतत जे देऊ शकतं ते. मुशायऱ्यातल्या ‘वाहवा’ आणि पुस्तकाची विक्री यांच्यात जेवढं अंतर असतं, तेवढंच या दोन आकड्यांत.

आरएमएसमध्येही एक मेख होती. भाच्याला आवडलेल्या यंत्रावर तीनशे लिहिलं होतं, पण पुढे ‘४ ओहमला’ असं होतं. आतला स्पीकर आठ ओहमचा. बाहेरून आणखी एक आठ ओहमचा स्पीकर जोडला तरच दोघे मिळून चार ओहम होणार आणि तीनशे वॅट निघणार. एकट्याने चालवलं तर दोनशेच्या आसपास. भाच्याचा चेहरा उतरला. मग त्यानेच हिशेब केला. दोनशे आणि तीनशे यांत फरक किती? दोन डेसिबलसुद्धा नाही. उलट त्या यंत्राचा स्पीकर चांगला होता. एक वॅट दिला की एक मीटरवर तो ९८ डेसिबल देत होता, जुना ९५ देत असे. हे तीन डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच, आणि फुकटात. वॅट सगळे विचारतात, स्पीकरचा हा आकडा कुणी विचारत नाही. मला वाटतं, खरेदीला जाणाऱ्याने आधी तोच विचारावा.

भाच्याने मात्र एका गोष्टीवर मला गप्प केलं. मी म्हणालो, मग साठच पुन्हा घे, स्पीकर चांगला बघ. तो म्हणाला, ‘‘मामू, ड्रमवाला जोरात मारतो तेव्हा साठवाला फाटतो.’’ यंत्राला त्याच्या ताकदीबाहेर पिळलं की सुराच्या लाटेचे शेंडे कापले जातात, गोल लाट चौकोनी होते, आणि ती खरखर ऐकणाऱ्याला टोचते, बारीक सुरांचे स्पीकर तर जाळूनही टाकते. बासची तार छेडल्यावर पहिल्या क्षणी जो ठोका येतो त्याला जागा लागते. म्हणजे मोठं यंत्र घ्यायचं ते अर्ध्यावर चालवायला. हे मला पटलं. शाहीर अमर शेखांचा पहाडी आवाज ज्यांनी ऐकला ते सांगत, की तो वर चढतानाही ताणलेला वाटत नसे. मला तो प्रत्यक्ष ऐकायला मिळाला नाही, ते १९६९ मध्ये गेले. पण ‘अजून शिल्लक आहे’ असं वाटायला लावणारा आवाज म्हणजे काय, ते मला कळतं.

मग जागेचा प्रश्न आला. मंगल कार्यालयात भिंती आवाज परत करतात. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, कापणी झालेल्या शेतात मांडव असतो, तिथे परत करणारं कुणी नसतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. एक मीटरवरून बत्तीस मीटरवर जाईपर्यंत तीस. वीस मार्चला चवदार तळ्यावर येणारे लोक हे दरवर्षी अनुभवतात. गर्दीत मागे उभं राहिलं की जवळच्या कर्ण्यातला शब्द आधी येतो आणि लांबच्यातला तोच शब्द क्षणभराने मागून येतो, कारण आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आतच चालतो. उघड्या शेताला एकट्या बासच्या यंत्राने पुरं पडायचं तर पाचशेही कमी. पण भाचा म्हणाला, तसं करायचंच नाही. यंत्राच्या पाठीला एक तार निघते, ती मांडवाच्या मोठ्या ध्वनियंत्रणेत द्यायची. गावाला ऐकवण्याचं काम तिचं. आपल्या यंत्राने फक्त मंचावरच्या पाच जणांना ऐकवायचं. असं म्हणताच पाचशेचा आकडा कागदावरून गेला.

इथे थोडं आडवळण घेतो. एका कविसंमेलनात आयोजकांनी आदल्या रात्रीच्या नाचाची ध्वनियंत्रणा तशीच ठेवली होती. माझी कविता सुरू झाली आणि पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानांवर पदर घेतला. स्वर धडधडत बाहेर पडत होते आणि व्यंजनं गायब. व्यंजनं वरच्या पट्टीत राहतात, खालचा गडगडाट त्यांना झाकून टाकतो. टाळ्या जोरात पडल्या, पण कवितेला नव्हे, ती संपल्याला असाव्यात.

आणि शेजाऱ्यांचं काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. भोंगा मशिदीचा असो की मंडळाचा, नियम तोच. मी मुसलमान आणि मराठीत लिहिणारा, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो आणि मी दोन्हीकडे हेच उत्तर देतो. पण त्या नियमात एक फट आहे. हे डेसिबल ‘ए’ मापाचे, म्हणजे कानाच्या बहिरेपणाला सवलत देऊन मोजलेले. पन्नास कंपनांचा सूर त्यात तीस डेसिबल कमी धरला जातो. बासची लाट आठ मीटर लांब असते, तिला भिंत फारशी अडवत नाही. शेजारच्या घरात भांडी वाजतात, आजारी माणसाच्या छातीत धडधडतं, आणि मापकावरचा काटा म्हणतो, फार नाही. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की ज्या गल्लीत वाजवशील तिथे एकदा पलीकडच्या घरात जाऊन ऐक. तो आता तसं करतो, निदान मी बरोबर असलो की करतो. स्वतःच्या कानांत बोळेही घालतो. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभरला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. लग्नाची वरात पंधरा मिनिटांत कधी संपली आहे?

शेवटी घेतला तो तीनशेची पाटी लावलेला, खरा दोनशेचा. नव्या पद्धतीचे हे यंत्र वीज वाया घालवत नाही, तापत नाही, म्हणून हलकं. सबंध खोकं सोळा किलो भरलं. दुकानात सगळे तारा जोडून वाजवून पाहतात. आमच्या भाच्याने आधी ते एका हाताने उचललं, दुकानाच्या जिन्याच्या बारा पायऱ्या चढला, उतरला आणि मग गिटार जोडली. दुकानदार बघतच राहिला.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस लागला त्या संध्याकाळी मी बहिणीकडे गेलो होतो. नदी अजून पात्रातच होती. यंत्र खाली दिसेना म्हणून विचारलं. बहीण म्हणाली, ‘‘दुपारीच माळ्यावर ठेवलं. मी एकटीने.’’